खिशातली किल्ली

माझे बाबा सांगली जिल्ह्यात वायरमन होते. खांबावर चढण्याआधी ते खाली एबी स्विचच्या हँडलला कुलूप लावायचे आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. हेल्परकडे नाही, साहेबांकडे तर नाहीच. लहानपणी मला तो त्यांचा संशयी स्वभाव वाटायचा. आता गेली अठरा वर्षं मी इथे ओहायोमध्ये वीज कंपनीत लाइनवर काम करतो आणि माझ्याही खिशात तशीच एक किल्ली असते.

मंडळाच्या पॉटलकला कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता हो?", की मी "लाइनचं काम" एवढंच सांगून पुलावाकडे वळतो. यंदा संपादकांनी सोडलं नाही, म्हणून गेल्या ऑक्टोबरमधल्या एका कामाची हकिगत लिहितो. हाताने चालणाऱ्या स्विचला मोटर बसवायची होती.

शेतांमधून जाणारी ६९,००० व्होल्टची लाइन. खांबाच्या माथ्यावर तीन तारांसाठी तीन पाती, ती तिन्ही एकदम उघडतात आणि एकदम मिटतात. तिथून खाली एक लांब पाइप उतरतो आणि त्याच्या टोकाला हँडल. हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने तार तुटली की कुणीतरी ट्रक घेऊन तिथवर जायचं, हँडल फिरवून तुटका भाग वेगळा करायचा आणि मग उरलेल्या गावांची वीज सुरू करायची. निसरड्या रस्त्यावर यात तास-दीड तास सहज जातो. मोटर असली की हेच काम कंट्रोल रूममधून मिनिटभरात होतं. तुमच्या घरातलं हीटिंग तेवढं लवकर सुरू होतं.

मोटरची पेटी छातीएवढ्या उंचीवर बसते. आत बॅटरी आणि रेडिओ, बॅटरी चार्ज करायला वर छोटा सोलर पॅनेल. चार बोल्ट आवळायला कितीसा वेळ लागतो! आमचा अर्धा दिवस त्याआधीच्या तयारीत जातो.

सकाळी ट्रकच्या बोनेटवर नकाशा पसरून सगळ्यांनी मिळून ठरवायचं, की या तारेत वीज कुठून कुठून येऊ शकते. लाइन दोन्हीकडून तोडलेली असते, कंट्रोल रूमचं परमिट हातात असतं, आणि तोडलेल्या ठिकाणी प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग असतो. तरीही तार मेलेली आहे असं कुणी धरत नाही. टेस्टर आधी तपासायचा, मग तार तपासायची, मग पुन्हा टेस्टर तपासायचा. मधेच बिघडलेला टेस्टरही "वीज नाही" असंच सांगतो. त्यानंतर अर्थिंग. आधी जमिनीकडचं टोक जोडायचं, मग लांब फायबरग्लासच्या दांड्याने तारेकडचं. काढताना बरोबर उलटं. शेजारून समांतर जाणाऱ्या चालू लाइनमुळे बंद तारेतही व्होल्टेज येतं, म्हणून हा खटाटोप.

इथे जरा विषयांतर करतो, कारण एक धोका तुमच्या गॅरेजमध्ये ठेवलेला असतो. वादळात लाइट गेली की काही जण ड्रायरच्या सॉकेटमधून घराला जनरेटर जोडतात. ती २४० व्होल्टची वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाते आणि पलीकडच्या तारेवर ७,२०० व्होल्ट होऊन पोचते. त्या खांबावर माझ्यासारखाच कुणीतरी असतो. ट्रान्सफर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नका.

तर, पेटी बसली. पाइप अजून जोडला नव्हता. नियम असा, की वर माणूस असेपर्यंत पेटीचं बटण 'रिमोट'वर न्यायचं नाही आणि मोटरचा फ्यूज काढून ठेवायचा. रेडिओ तपासणाऱ्या मुलाने दोनच मिनिटांसाठी म्हणून फ्यूज लावला आणि बटण फिरवलं. नेमकं तेव्हाच कंट्रोल रूममध्ये कुणीतरी दुसऱ्या स्विचचा आदेश चुकून आमच्या स्विचला दिला. मोटर गुरगुरली, शाफ्ट गर्रकन फिरला. वर बकेटमध्ये माझा जोडीदार पात्यांच्या कॉन्टॅक्टना ग्रीस लावत होता. तारेला अर्थिंग होतं, म्हणजे शॉक बसला नसता, पण त्या पात्याखाली बोटं सापडली असती तर राहिली नसती. पाइप सुटा होता म्हणून पाती हललीच नाहीत. त्याला वर काही कळलंही नाही. मी त्याला खाली बोलावून सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ आपल्या हातमोज्यांकडे बघत बसला.

तासभर काम थांबवलं. फ्यूज मी माझ्या खिशात घातला.

पुढचं काम नजाकतीचं. पाती नुसती मिटून चालत नाहीत, वरचा सांधा मध्यबिंदू ओलांडून पलीकडे अडकावा लागतो. नाहीतर मोठ्या फॉल्टचा प्रवाह आला की त्याच्या जोराने पातं आपोआप उघडू शकतं. म्हणून आधी हाताने क्रँक फिरवून बघायचं, मोटरची धाव त्याप्रमाणे जुळवायची, आणि समाधान झालं की मगच पाइप भेदणारा बोल्ट आवळायचा. पाइप क्लॅम्पमध्ये घसरला तर पेटी स्क्रीनवर "उघडा" सांगते आणि वर पातं तसंच मिटलेलं राहतं, कारण स्क्रीनवरचा निरोप पेटीतून येतो, पात्यांकडून नाही. त्यामुळे मोटर बसली तरी या स्विचच्या भरवशावर तारेला हात लावण्याआधी तिन्ही पाती डोळ्यांनी बघावीच लागतात. मी दुर्बीण ठेवतो.

शेवटी खांबाच्या पायथ्याशी लोखंडी जाळी. ती तांब्याच्या तारेने पेटीशी आणि अर्थशी जोडलेली असते. तिच्यावर उभं राहून हँडल धरलं की हात आणि पाय एकाच व्होल्टेजवर राहतात, तारेवर बसलेल्या चिमणीसारखे. जाळीबाहेर एक पाय ठेवून हँडल धरणारे महाभाग मी पाहिले आहेत.

सहा अर्थिंग लावली होती, सहा मोजून काढली. कुलपं ज्याची त्याने काढली. सगळे लांब उभे राहिलो आणि कंट्रोल रूमने स्विच मिटवला.

रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते आता ८१ वर्षांचे आहेत. मोटरबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"तो फ्यूज कुणाकडे होता रे?"

"आधी पेटीजवळच ठेवला होता, बाबा. नंतर माझ्या खिशात."

"मग आधीच का नाही घातलास खिशात?"

मी विषय बदलला, आईला फोन द्या म्हणालो.