एमआरआय कक्षातील हवा आणि प्राणवायूमापक

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात धातूचा ऑक्सिजन सिलिंडर एमआरआय कक्षात नेला गेला. चुंबकाने सिलिंडरसह तो नेणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला खेचले व त्याचा मृत्यू झाला. सिलिंडरविषयीची सावधगिरी तेव्हापासून अनेकांना ठाऊक आहे. कक्षातील हवेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

बहुतेक एमआरआय यंत्रांतील चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवला जातो. यंत्राशी कोणी अडकल्यास चुंबकत्व घालवण्यासाठी हा हेलियम उकळवून सोडून द्यावा लागतो. एका लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तो स्वतंत्र नळीवाटे इमारतीबाहेर जातो. परंतु नळी तुंबलेली वा निखळलेली असल्यास तो कक्षातच पसरून प्राणवायूची जागा घेतो. हेलियमला रंग वा गंध नाही. गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच मनुष्य बेशुद्ध पडू शकतो.

म्हणून कक्षात प्राणवायूमापक आवश्यक आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, तो १९.५ टक्क्यांखाली येताच इशारा मिळाला पाहिजे. बंद पडलेला मापक नसलेल्या मापकापेक्षा अधिक घातक, कारण त्यावर सारे विसंबून राहतात. हेलियम हलका असल्याने छताजवळ साचतो. हवा बाहेर फेकणारा पंखा उंचावरच असावा.

इशारा वाजल्यास वा पांढरे धुके दिसल्यास रुग्णासह तत्काळ, वाकून बाहेर पडावे. आत कोणी बेशुद्ध दिसल्यास नातेवाइकांनी धाव घेऊ नये. तंत्रज्ञास व अग्निशमन दलास कळवावे.