पडदा कोरा का राहतो? : संकेतस्थळावरील चुका शोधण्याची रीत



माणसारख्या दुष्काळी तालुक्यातील आपली मुले-मुली दहिवडी-म्हसवडहून पुढे पुण्या-मुंबईस जाऊन संगणकाचे शिक्षण घेत आहेत. शिष्यवृत्तीची माहिती, वसतिगृहाची यादी, वर्षावासातील प्रवचनांचे वेळापत्रक हे सारे संस्थेच्या संकेतस्थळावर मांडण्याचे काम अशा विद्यार्थ्यांकडेच येते. त्या वेळी एक अनुभव हमखास येतो. प्रोग्राम लिहून होतो, परंतु पडद्यावर काहीच उमटत नाही, किंवा उमटते ते भलतेच. अशा वेळी गोंधळून न जाता काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

रचना समजून घ्या

पीएचपी ही भाषा रासमस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या वेबपानासाठी तयार केली आणि १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती विनामूल्य आहे. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीही याच भाषेत लिहिलेली आहे.

हिचे काम छापील अर्जासारखे आहे. अर्जातील ठरावीक मजकूर म्हणजे एचटीएमएल आणि रिकाम्या जागा म्हणजे पीएचपीचे तुकडे. वाचकाने पान मागितले की सर्व्हरवरील कारकून, म्हणजे पीएचपी, त्या जागा भरतो आणि पूर्ण झालेला कागद वाचकाच्या ब्राउझरकडे पाठवतो. ब्राउझरला मूळ प्रोग्राम कधीच दिसत नाही. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे निम्मे काम सोपे होते.

तथागतांनी दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग अशी चार आर्यसत्ये सांगितली. यंत्रातील बिघाडालाही हाच क्रम लागू पडतो. आधी लक्षण नीट पाहावे, मग कारण शोधावे, त्यानंतरच उपाय करावा.

लक्षण पहिले : प्रोग्रामच पडद्यावर दिसतो

याचा अर्थ कारकुनाला बोलावलेच नाही. फाइलच्या नावाचा शेवट पीएचपी असा नसेल, फाइल सर्व्हरमार्फत न उघडता थेट डिस्कवरून उघडली असेल, किंवा सर्व्हरला पीएचपी जोडलेच नसेल, तर असे होते. तुकड्याच्या आरंभीची खूण छोट्या स्वरूपात लिहिली आणि सर्व्हरवर ती सोय बंद असली, तरीही हाच परिणाम होतो. हा दोष लगेच दूर करावा, कारण प्रोग्राममध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असेल तर तो जगाला दिसतो.

लक्षण दुसरे : पान पूर्ण कोरे

बहुधा प्रोग्राम मध्येच मोठ्या चुकीने थांबलेला असतो आणि चुका पडद्यावर दाखवण्याची सोय बंद असते. सर्व्हर अशा चुका एका नोंदवहीत, म्हणजे एरर लॉगमध्ये, लिहून ठेवू शकतो. ती प्रथम वाचावी. फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक तेथे मिळतो. मात्र विसरलेला अर्धविराम किंवा कंस बऱ्याचदा त्याच्या आधीच्या ओळीत सापडतो, म्हणून वरची ओळही पाहावी. व्याकरणाची चूक असेल तर फाइल मुळात चालतच नाही. त्यामुळे चुका दाखवण्याची सूचना त्याच फाइलमध्ये लिहून उपयोग होत नाही, ती सर्व्हरच्या मांडणीत करावी लागते. शिकताना चुका पडद्यावर दाखवाव्यात. संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाल्यावर मात्र त्या फक्त नोंदवहीत जाव्यात.

काही वेळा मजकूर आलेला असतो, पण न मिटलेल्या टॅगमुळे किंवा अवतरणचिन्हामुळे तो लपतो. म्हणून ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून पाहावा.

लक्षण तिसरे : शीर्षके आधीच गेली, अशी तक्रार

प्रत्येक पानाच्या आधी ब्राउझरला काही सूचना जातात, त्यांना हेडर म्हणतात. पाकिटावरचा पत्ता पत्र टाकण्यापूर्वीच लिहावा लागतो, तसेच हे आहे. पीएचपीच्या आधी एखादी कोरी ओळ राहिली तरी मजकूर निघाला असे धरले जाते. काही एडिटर फाइलच्या आरंभी बीओएम नावाची तीन बाइटची अदृश्य खूण टाकतात, तिच्यामुळेही असेच घडते. मजकूर कोठून सुरू झाला ती ओळ तक्रारीतच दिलेली असते.

लक्षण चौथे : मराठी अक्षरे बिघडतात

आपल्यासाठी हे सर्वांत महत्त्वाचे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'माण' या शब्दात म, काना आणि ण अशी ३ चिन्हे आहेत. पीएचपीतील स्ट्रलेन हे फंक्शन त्याची लांबी ९ सांगते, तर एमबी-स्ट्रलेन ३ सांगते. पहिले बाइट मोजते, दुसरे चिन्हे. बाइट मोजून नाव कापले तर अक्षर मधोमध तुटते.

अक्षरांऐवजी विचित्र रोमन चिन्हे दिसली, तर बाइट बहुधा शाबूत असतात आणि वाचण्याची पद्धत चुकलेली असते. पण डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठली असतील तर मूळ मजकूर गेला, तो परत येत नाही. म्हणून पान, डेटाबेसची जोडणी आणि तक्ता या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ठेवावे. मायएसक्यूएलमध्ये यासाठी यूटीएफ-८-एमबी-४ निवडावे. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून नव्या तक्त्यांना ते आपोआप मिळते, जुने तक्ते मात्र तपासावे लागतात. खरी यादी भरण्यापूर्वी चार जोडाक्षरी नावे घालून पाहावीत.

शोधण्याचा मार्ग

कारण सापडत नसेल तर प्रोग्रामच्या आरंभी एक साधा शब्द छापून पाहावा. तो दिसला तर तीच ओळ खाली सरकवत न्यावी. जेथे शब्द दिसेनासा होतो, त्याच्या आसपास दोष आहे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. जुनेच पान दिसत असेल तर ब्राउझरने साठवलेली प्रत पुसून पुन्हा पाहावे. कालाम सुत्तात भगवंतांनी केवळ ऐकीव गोष्ट किंवा गुरूचा शब्द म्हणून काही स्वीकारू नका, असे शिकवले. कोणी सांगितलेला तोडगा जसाच्या तसा चिकटवण्यापेक्षा आधी आपली नोंदवही वाचावी.

शिष्यवृत्तीच्या यादीत एखाद्या मुलीच्या नावाजागी प्रश्नचिन्हे आली, तर यंत्राच्या दृष्टीने ती किरकोळ चूक असते. तिच्या घरी मात्र ती यादीत नाही असाच त्याचा अर्थ होतो. ज्या समाजाची नावे पिढ्यान्‌पिढ्या कागदावर आलीच नाहीत, त्या समाजातील विद्यार्थ्याने आपल्या माणसांची नावे शुद्ध व शाबूत जपावीत. हे ज्ञान स्वतःपुरते न ठेवता आपल्या मागच्या विद्यार्थ्यांनाही द्यावे, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!