परसांतील कण्हेर व तिची विल्हेवाट

गेल्या श्रावणांत आमच्या परसांतील कण्हेर फार माजली म्हणून आम्हीं ती छाटविली आणि फांद्या कुंपणापलीकडे टाकून दिल्या. दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांच्या २ शेळ्या तेथेंच मरून पडलेल्या आढळल्या. त्यांचें मोल आम्हीं भरून दिलें. पण त्या घरच्या लहान मुलास त्याच शेळ्यांचें दूध चाले, तें कोठून आणून देणार? झाड इतकीं वर्षें उभें होतें, तोंवर एकाहि जनावरानें त्यास तोंड लाविलें नव्हतें. चूक झाडाची नव्हे, आमच्या छाटणीची होती. म्हणून हा विषय वाचकबंधूंपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

कण्हेरीचें हिरवें पान कडू असतें व चरणारें जनावर तें सहसा टाळतें. परंतु छाटलेलें, सुकत आलेलें पान इतर पाल्यांत मिसळलें म्हणजे ओळखूं येत नाहीं. आणि सुकल्यानें विष मात्र जात नाहीं. तें हृदयावर चालतें. मूठ-दोन मूठ पानें मोठ्या गाईसहि पुरेशीं होतात. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतों, तिचें बींहि तसेंच घातक. आणि त्याच बिट्ट्या वेंचून मुली खेळतात!

ज्यांस हें झाड काढावयाचें असेल त्यांनीं पाऊस पडून जमीन मऊ झाली म्हणजे काम हातीं घ्यावें. प्रथम २ हात खोल खड्डा विहिरीपासून दूर खणून ठेवावा, मगच कोयता चालवावा. आम्हीं नेमका उलटा क्रम धरला. फांद्या खालीं पडतांच मोजून खड्ड्यांत जाव्यात. नुसतें खोड तोडल्यानें भागत नाहीं, बुंध्यापासून पुन्हा फुटवे येतात. तेव्हां कुदळ-पहारीनें मुळांसकट गड्डा उपटावा. पाला गोठ्यांत अंथरूं नये, काटक्या चुलींत घालूं नयेत, कारण धूरहि बाधतो. चीक डोळ्यांस लागूं देऊं नये. हात धुवावे, आणि कोयताहि. त्याच कोयत्यानें संध्याकाळीं कडबा तोडावयाचा असतो.

धोत्रा काढण्यास याहून सोपा, मात्र बोंड तडकण्यापूर्वीं उपटला पाहिजे, नाहीं तर पुढील वर्षीं शंभर उगवतात. गुंजेच्या वेलाच्या शेंगा आधीं वेंचाव्या. अखंड गुंज कठीण कवचामुळें कित्येकदां तशीच पोटांतून निघून जाते, पण चावली गेली कीं प्राणावर बेतते. कोणीं कांहीं खाल्ल्याचा संशय येतांच घरगुती उपायांत वेळ न दवडतां, त्या झाडाची डहाळी बरोबर घेऊन दवाखाना गांठावा.

गाजरगवतास सर्वच शिव्या देतात, व तें उपटतातहि; कण्हेर मात्र देवाच्या फुलांसाठीं दारांत राहते. आम्हांस त्या श्रद्धेचा अनादर करावयाचा नाहीं. पण जास्वंदीचें फूलहि देवास चालतें, आणि तिचा पाला शेळीनें खाल्ला तरी रडावें लागत नाहीं.

आमचें खोड भाद्रपदांत निघालें. आश्विनांत त्याच जागीं ३ फुटवे वर आले. एक मूळ राहिलें होतें. तेंहि खणून काढलें आहे, आणि कुंपणापलीकडची जागा शेजाऱ्यांस दाखवून दिली आहे.