शेतात उघडलेलं शेवटचं स्टेशन

१३ सप्टेंबर १९२६ला लंडनच्या दक्षिणेला मॉर्डन स्टेशन सुरू झालं, तेव्हा भोवती शेतं होती. पाच वर्षांपूर्वीच्या जनगणनेत गावाची वस्ती जेमतेम तेराशे-चौदाशे! एवढ्याशा खेड्यासाठी मैलोन्‌मैल भुयार खणून रेल्वे आणायची?

खरं तर गाडी इथे थांबायचीच नव्हती. क्लॅपहॅम कॉमनपासून निघालेली ही लाइन मॉर्डनच्याही पुढे सटन गावापर्यंत न्यायची होती. पण दक्षिण लंडनवर सदर्न रेल्वे या दुसऱ्या कंपनीची सत्ता. आपले प्रवासी पळतील म्हणून तिने कडाडून विरोध केला. शेवटी तडजोड झाली. भुयारी गाडी मॉर्डनपर्यंत, सटनचा मार्ग सदर्नकडे. मग भुयारी रेल्वेने स्टेशनच्या दारातच बसगाड्या आणल्या आणि पुढच्या गावांतले प्रवासी त्या बसने येऊन गाडी पकडू लागले. १९३१ साली मॉर्डनची वस्ती साडेबारा हजारांच्या पुढे गेली होती! आधी वस्ती आणि मग वर्षानुवर्षं गाडीची वाट, याची सवय असलेल्या आपल्याला हा उलटा क्रम थक्क करतो.

वास्तुशिल्पी चार्ल्स होल्डनने आखलेली स्टेशनची दर्शनी बाजू पांढऱ्या पोर्टलंड दगडाची, मधोमध उंच काचेची. खांबांच्या माथ्यावर जरूर पाहा. भुयारी रेल्वेचं वर्तुळ-आडवी पट्टी हे चिन्ह तिथे दगडी गोळ्यांत कोरलंय. छप्पर मात्र त्याने वर मजले चढवता येतील असं ठेवलं होतं आणि पुढे खरोखरच कचेऱ्यांचे मजले चढले. शेतात उभं राहून शहर पाहणारी ही नजर मला फार मोठी वाटते.

खाली रूळ तीन आणि फलाट पाच, कारण दोन रुळांना दोन्ही बाजूंनी फलाट आहेत. गाडी वळवावी लागत नाही. मोटरमन फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि शेपटाचं तोंड होतं. फलाट उघड्यावर, खोदलेल्या चरात. उत्तरेला लगेच भुयाराचं तोंड. तिथून ‘बँक’ नावाच्या स्टेशनमार्गे ईस्ट फिंचली स्टेशनपर्यंत २७.८ किलोमीटर सलग भुयार आहे.

लंडनला गेलात तर ईस्ट फिंचलीला याच लाइनच्या, म्हणजे नॉर्दर्न लाइनच्या, गाडीत बसा आणि थेट मॉर्डनला उतरा. फक्त गाडी बँकमार्गेच जाणारी आहे ना, एवढं पाहून घ्या.