तबकडीचा आवाज आणि स्वस्तातला फोनो प्रीअँप

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून आहेत. पण त्या वाजत नाहीत. कोणाच्या माळ्यावर आजोबांनी हौसेने घेतलेली बालगंधर्वांची पदे असतात, कोणाकडे सुधीर फडक्यांच्या आवाजातील गीतरामायणाच्या मोठ्या तबकड्या असतात. एखाद्या शाळेच्या कपाटातही जुन्या रेकॉर्डांचा गठ्ठा धूळ खात पडलेला सापडतो. आता टर्नटेबल पुन्हा बाजारात मिळू लागले आहे. मनुष्य मोठ्या उत्साहाने ते घरी आणतो, अँप्लिफायरला जोडतो, सुई ठेवतो, आणि ऐकतो तो काय! आवाज अगदी क्षीण, त्यात डग्ग्याचा घुमारा नाही, तंबोरा नुसता झिणझिणतो. दुकानदार सांगतो, "गुरुजी, मधे फोनो प्रीअँप लावावा लागतो." आणि मग हजार-दोन हजारांपासून थेट लाखापर्यंतच्या डब्या तो समोर मांडतो.

यातली कोणती घ्यावी? स्वस्तातली चालेल का? हे पारखावे कसे? मी कॉलेजात शिकविणारा माणूस, विजेचा कारागीर नव्हे. नागपूरला नंदनवनात माझे घर आहे. तेथे एक साधे टर्नटेबल आणि एक स्वस्तातला प्रीअँप मी वापरतो. तेव्हा जे सांगणार आहे ते तुम्हांलाही तुमच्या घरी कानांनी करून पाहता येईल.

प्रथम हे पाहू या की ही डबी करते तरी काय. तिची कामे दोन. पहिले काम वाढविण्याचे. तबकडीच्या खाचेत सुई थरथरते आणि तिच्यामागच्या कार्ट्रिजमध्ये वीज उत्पन्न होते. ही वीज फार थोडी असते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-९५ई ही पुष्कळ टर्नटेबलांवर दिसणारी कार्ट्रिज घ्या. ती देते सुमारे ४ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा अडीचशेवा भाग. अँप्लिफायरला मात्र काही शे मिलिव्होल्ट लागतात. म्हणून प्रीअँप ती सुमारे १०० पट वाढवितो. चारांचे चारशे झाले की काम भागले. कारागीर लोक यालाच ४० डेसिबलची वाढ म्हणतात.

दुसरे काम याहून महत्त्वाचे, आणि तेच लोकांना ठाऊक नसते. तबकडीवर आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो. शेतकरी बंधूंना हे लवकर समजेल. तिफण सरळ चालली तर एका वावरात पुष्कळ तासे बसतात. ती डावी-उजवीकडे झुलू लागली तर एक तास दुसऱ्यात घुसते. खर्जाचे, म्हणजे खालचे सूर खाचेला असेच मोठे झोके देतात. ते पुरे कोरले तर खाचा एकमेकींत घुसतील आणि मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावणारच नाही. म्हणून कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबतात. उलट वरचे सूर मुद्दाम चढवितात. कारण वाजविताना ते पुन्हा उतरविले की त्यांच्याबरोबर तबकडीची खरखरही उतरते. ही दाबण्या-चढविण्याची मापे पूर्वी प्रत्येक कंपनीची निराळी होती. १९५४ साली अमेरिकेतील रेकॉर्ड-कंपन्यांच्या संघटनेने एक माप ठरविले, ते पुढे बहुतेक जगाने स्वीकारले. त्या संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आरआयएए' म्हणतात.

या मापाप्रमाणे, मधल्या १,००० हर्ट्झच्या सुराशी ताडून पाहिले तर, ५० हर्ट्झचा सूर कोरताना सुमारे सातव्या हिश्शावर आणतात आणि १०,००० हर्ट्झचा जवळजवळ पाच पट चढवितात. प्रीअँपने याच्या नेमके उलट करावयाचे असते. ते झाले नाही तर आवाज मोठा होईल, पण गाणे खरे होणार नाही.

याचा तोटा किती होतो ते पाहा. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी वडिलांच्या तबकड्या संगणकावर उतरविल्या. टर्नटेबलची तार त्यांनी सरळ माइकच्या खोबणीत घातली. आवाज मोठा आला, ते समाधान पावले, आणि काम झाले म्हणून तबकड्या भंगारवाल्याला दिल्या. आता नातवंडे ऐकतात ते वडिलांच्या आवडीचे गाणे नव्हेच. कर्कश, पोकळ असे काहीतरी आहे. संगणकावर उलटे माप नंतरही लावता येते, ते त्यांनी लावून पाहिले. खालचे सूर वर आले खरे, पण माइकच्या खोबणीतून शिरलेली विजेची गुणगुणही त्यांच्याबरोबर सात पट वर आली. मूळ तबकड्या असत्या तर पुन्हा उतरविता आले असते. म्हणून म्हणतो, या लहानशा डबीचा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

आता स्वस्तातली डबी हे काम नीट करील का? बहुधा करील, आणि त्याला कारण आहे. या कामाला भाग थोडे लागतात. एक चिप आणि दहा-वीस रोधक व धारक. एनई-५५३२ सारखी चिप १९७९ पासून चालत आली आहे आणि ती महाग नाही. धारकाच्या मापात शेकडा ५ चा फरक पडला तरी सुरात अर्ध्या डेसिबलच्या आतच फरक पडतो. तो सामान्य कानाला कळणे कठीण. मग कंपनी पैसा वाचविते कोठे? तर पत्र्याच्या खोक्यात, खोबणींत आणि सर्वांत जास्त अडॅप्टरमध्ये. तेव्हा पारख करावयाची ती येथे.

पहिली परीक्षा गुणगुणीची. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची. प्रीअँप सर्वसाधारण सूर १०० पट वाढवितो आणि ५० हर्ट्झचा त्याहून ७ पट अधिक, म्हणजे एकूण ७०० पट! त्यामुळे विजेची थोडीशी चाहूलही त्यात घुमू लागते. सुई उचललेली ठेवा, आवाजाची कळ नेहमी ऐकता तेवढीच ठेवा, आणि आपल्या बसण्याच्या जागी बसून कान द्या. तेथे काही ऐकू येता कामा नये. स्पीकरजवळ कान नेल्यावर हलकेसे सूं ऐकू आले तर चालते. पण भुंग्यासारखी गुणगुण आली तर लगेच डबीला नावे ठेवू नका. टर्नटेबलची बारीक अर्थची तार प्रीअँपच्या स्क्रूला जोडली आहे ना, ते पाहा. मग अडॅप्टर दूरच्या प्लगवर न्या. माझ्या डबीची गुणगुण अडॅप्टर हातभर लांब नेताच बरीच कमी झाली. एवढे करूनही ती राहिली तर मात्र डबी परत करावी. आणि हो, गुणगुण घालविण्यासाठी कोणी प्लगची अर्थची पिन मोडावयास सांगितले तर मुळीच ऐकू नका; तेथे जिवाशी गाठ आहे.

दुसरी परीक्षा आपल्या विदर्भाची. उन्हाळ्यात आमच्या नंदनवनात घरोघर कूलर चालतात. कूलर आणि त्याचा पंप दोन-तीनदा चालू-बंद करून पाहा. प्रत्येक वेळी स्पीकरमध्ये मोठा फटाका वाजत असेल तर अडॅप्टर हलका आहे असे समजावे.

तिसरी परीक्षाही उन्हाळ्याचीच. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उष्णतेत तबकड्या वाकतात. वाकलेली तबकडी फिरताना सुई हळूहळू वरखाली होते. तो सूर कानांना ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा आतबाहेर हलताना डोळ्यांना दिसतो. ज्या डबीवर असे अतिखालचे सूर अडविणारी कळ असते, ती आपल्या भागात थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी.

चौथी परीक्षा सुराची. जे गाणे तबकडीवर आहे तेच मोबाइलवरही शोधा. दोन्ही एकाच अँप्लिफायरवरून ऐका. पण आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, बरं का. कारण जे मोठे वाजते ते कानाला उगाच चांगले वाटते. मग डग्गा भरीव आहे का, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात का, शब्दांतला 'स' टोचतो का, एवढेच पाहा. डावा-उजवा स्पीकर सारखा वाजतो की नाही हे जुन्या मोनो तबकडीवर चटकन कळते; गायक बरोबर मधोमध बसला पाहिजे.

आता काही सूचना. तुमच्याकडे एचएमव्हीचा जुना फिएस्टासारखा खोक्याचा प्लेअर असेल, तर त्याची कार्ट्रिज बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीची असते. तिचा आवाज मुळातच पुष्कळ मोठा असतो. तिला हा प्रीअँप लावू नये. नव्या टर्नटेबलांपैकी पुष्कळांच्या पोटात प्रीअँप बसविलेलाच असतो. मागे 'फोनो' आणि 'लाइन' अशी कळ दिसली तर ती 'लाइन'वर ठेवून आधी ऐका. कदाचित काहीच विकत घ्यावे लागणार नाही.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची गोष्ट निराळी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या १९३७ पूर्वीच्या, म्हणजे आरआयएएचे माप ठरण्याच्या कितीतरी आधीच्या. आजच्या प्रीअँपवर त्या थोड्या मंद आणि जड वाजतात. अँप्लिफायरवर वरच्या सुरांची कळ जरा चढवावी, खालच्यांची उतरवावी. पण त्यांना सुई मात्र वेगळीच हवी. मोठ्या तबकडीची सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकविते. आणखी एक. या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, लाख विरघळते.

सारांश काय, तर पैसे जपून खर्च करावयाचे असतील तर ते प्रथम सुईवर करावे. झिजलेली सुई दर खेपेला खाच खाते, आणि गेलेली खाच लाखाच्या प्रीअँपनेही परत येत नाही. त्यानंतर प्रीअँप घ्यावा. तो साधा असला तरी चालेल, मात्र परत करण्याची मुदत असेल अशा दुकानातून घ्यावा, आणि त्या मुदतीतच वरच्या चारही परीक्षा करून टाकाव्या. शिक्षक मंडळींनी तर त्या मुलांसमोरच कराव्या. सुईची तार प्रीअँपमधून काढून एकदा सरळ अँप्लिफायरला लावावी, आवाजाची कळ आधी पार खाली घ्यावी, आणि मुलांना विचारावे, "सांगा, यातून काय गेले?" जे मूल "डग्गा गेला" असे सांगेल, त्याला आरआयएए म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागणार नाही.