पंचेचाळीस खंड आणि मागे राहिलेले रुमाल

पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ४ कोटी कागद आहेत. बहुतेक मोडीतले, कापडी रुमालांत बांधलेले. रुमालांची संख्याच ३५ हजारांच्या घरात जाते. एवढ्या पसाऱ्याला हात घालायचा तर कुठे थांबायचे, हे आधी ठरवावे लागते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ते ठरवले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या सरदेसायांवर मुंबई सरकारने हे काम सोपवले. पाठीशी इतिहासकार जदुनाथ सरकार होते. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून झाले.

हा वेग साधला तो कामाची हद्द आखून घेतल्यामुळे. भर राजकारण आणि मोहिमांच्या पत्रांवर राहिला. घडणी, प्रांत अजमास, पागा या दफ्तरांतला अफाट जमाखर्च बहुतांशी रुमालांतच राहिला. मला हा निर्णय योग्य वाटतो. सगळेच घेऊ म्हटले असते, तर हाती काहीच लागले नसते. पण त्याची किंमतही मोठी होती. शेतसारा, बाजारभाव, गावगाडा यांचा अभ्यास करणाऱ्याला आजही थेट रुमालच सोडावा लागतो.

आणि रुमाल सोडला की कामाचा खरा वेग कळतो. पत्राच्या शेवटी कधी ‘छ ९ सफर’ एवढेच असते. महिना आणि चंद्र, म्हणजे तारीख, कळते; वर्षाचा पत्ता नाही. अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन दिला असेल तर काम सोपे: ‘समान अशरीन मया व अलफ’ म्हणजे ११२८, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७२७-२८ येते. सन नसेल तर मजकुरातली माणसे, छावणीचे ठिकाण, वसुलीचा हंगाम यांवरून वर्ष काढायचे. एका कागदाला दहा मिनिटे लागतील, नाहीतर आख्खा दिवस जाईल. सरदेसायांच्या खंडांतल्याही काही तारखा चुकल्याचे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले.

अभिलेखागारांतले प्रकल्प मात्र आज रोजच्या पानांवर मोजले जातात. इतकी पाने स्कॅन झाली, इतकी उरली. यादी नसलेले स्कॅन संगणकात पडून राहते, कारण ते शोधायचे कशावरून? आधी धूळ काढणे, फाटलेल्या कागदाची डागडुजी, मूळ क्रम न मोडता नोंद, मग छायाचित्र, हा क्रम आहे. यातले नोंदीचे काम सर्वांत संथ, आणि निधी आटला की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. ते करणारा मोडी वाचक बहुधा कंत्राटावर असतो. मुदत संपली की तो निघून जातो. कोणत्या रुमालात दुसऱ्याच प्रांताचे कागद मिसळले आहेत, कोणत्या कारकुनाचे अक्षर कसे वळते, हे त्याने वर्षानुवर्षे हाताळून ओळखलेले असते. नव्या माणसाला ते पहिल्यापासून शिकावे लागते. म्हणून अंदाजपत्रकात स्कॅनरच्या आधी त्याचा पगार लिहावा, आणि तो कायम पदाचा असावा.