संगीतरचनेत मास्टर्स करायचंय?

अमेरिकेत हा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो. प्रवेशासाठी सगळ्यात महत्त्वाचा तुमचा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या रचनांची स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणं. पुढे काउंटरपॉइंट, वाद्यवृंदासाठी लेखन, विसाव्या शतकातल्या कृतींचं विश्लेषण. शेवटी प्रबंध म्हणून बहुधा एक मोठी रचनाच सादर करायची. किती सुंदर!

शिक्षक मात्र पारखून निवडा. उदाहरणार्थ, अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजमधून एम.ए. केलं. तिथे संगीतकार लुचानो बेरिओंकडे ते बारा-स्वरी पद्धत शिकले आणि नंतर छोट्या स्वराकृतींच्या आवर्तनांतून त्यांनी स्वतःची शैली घडवली. २००९ मध्ये त्यांच्या ‘डबल सेक्स्टेट’ला पुलित्झर मिळालं.

म्हणून अर्ज भरण्याआधी त्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या रचना जरूर ऐका!